मुदत न लिहिलेला कागद

वैष्णवी टेकाळेनं आयुष्यातली पहिली मोठी सही केली ती येरमाळ्यात, हमरस्त्यावरच्या तिच्या वडिलांच्या हॉटेलात. साल २०१९, मार्च महिना. मी तेव्हा गावच्या पोस्टात पोस्टमास्तर होतो. दुपारची थैली रवाना झाली की रामकिसनकडं चहा घ्यायचा, हा माझा वीस वर्षांचा शिरस्ता. त्या दिवशी पुण्याकडच्या एका गाण्याच्या कंपनीचा माणूस पांढऱ्या गाडीतून आला होता. नाव रणधीर. बोलायला गोड, मनगटावर जाडजूड घड्याळ. त्यानं वैष्णवीला गाणं म्हणायला लावलं. तिनं वही उघडून ते म्हटलं. मग त्यानं शंभराच्या मुद्रांकावर टाइप केलेला इंग्रजी कागद पुढं केला. वैष्णवीनं सही केली. साक्षीदार लागतो म्हणून त्यानं पेन माझ्याकडं फिरवलं.

"साहेब, तुम्ही सरकारी माणूस. तुमच्या सहीला वजन आहे."

मी सही केली. वाचलं नाही. मला इंग्रजी येत नव्हतं असं नाही, पोस्टात उभं आयुष्य काढलेला माणूस मी. पण सगळे हसत होते, रामकिसननं गरम भज्यांची ताटली आणून ठेवली होती, आणि अशा वेळी "जरा थांबा, वाचू द्या" म्हणणं मला बरं दिसलं नाही. एवढंच कारण.

वैष्णवी तेव्हा बावीस वर्षांची. रामकिसनची थोरली. हॉटेल म्हणजे पत्र्याचं शेड, चार बाकडी, एक भट्टी. पहाटे आईबरोबर कांदा चिरायचा, सातला कळंबच्या कॉलेजची गाडी धरायची, परत आलं की गल्ल्यावर बसायचं, अशी तिची तीन वर्षं गेली. गळा उपजत. येडेश्वरीच्या चैत्रातल्या यात्रेत बायकांच्या घोळक्यात ती गायला लागली की वाटेनं जाणारे थांबायचे. पण तिला दुसऱ्याची गाणी म्हणण्यापेक्षा स्वतःची जुळवण्याचा नाद. कॉलेजला जाताना भरलेली यस्टी हात करूनही थांबायची नाही, त्यावर तिनं एक गाणं केलं होतं:

यस्टी आली, यस्टी गेली, हात केला, न्हाय थांबली,
मास्तर, माझी हजेरी मांडा, पोर फाट्यावर हाय थांबली!

चाल बांधायला शांतलिंग होता. जवळच्या चोराखळीचा, तिच्याहून दोन वर्षांनी मोठा, कॉलेजात तिच्या पुढं. पेटी वाजवायचा आणि लोकांच्या बिघडलेल्या पेट्या दुरुस्तही करायचा. पहिली ओळ वैष्णवीनं गुणगुणली, दुसरी त्यानं वळवली, मधला ठेका दोघांनी मिळून बसवला. कॉलेजच्या २०१७ च्या स्नेहसंमेलनात त्यांनी ते गाऊन दाखवलं तेव्हा पोरी बाकांवर उभ्या राहिल्या होत्या.

रणधीरच्या कंपनीनं गाणं नीट ध्वनिमुद्रित केलं, वर चित्रफीत लावली, आणि त्या उन्हाळ्यात ते जे पसरलं ते पसरलंच. लग्नाच्या वरातीत तेच, ट्रॅक्टरवर तेच, गणपतीत तेच. सोलापूरपासून बीडपर्यंत वाजत होतं. रामकिसन येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा, "आमच्या पोरीचं हाय." गिऱ्हाईक मोबाइल काढून बघायचं. तिथं गायिका म्हणून वैष्णवीचं नाव बारीक अक्षरात होतं. गीत आणि संगीत यांच्यापुढं लिहिलं होतं: पारंपरिक.

"म्हंजी माझ्या आजीच्या आजीनंबी यस्टीला हात केला व्हता का?" असं म्हणून वैष्णवी हसली होती. तेव्हा तिला तो विनोदच वाटला.

हसू गेलं ते २०२१ मध्ये. टाळेबंदीत हॉटेल बंद, कार्यक्रम बंद. तिनं स्वतःचा चॅनल काढला. घराच्या ओट्यावर बसून, शांतलिंगच्या पेटीवर, आपलंच गाणं आपल्याच गळ्यातून म्हटलं आणि चढवलं. आठव्या दिवशी ते काढून टाकलं गेलं. कारण दिलं होतं, गाण्याचे हक्क दुसऱ्या मालकाकडं आहेत.

दुसऱ्या दिवशी ती पोस्टाच्या खिडकीशी येऊन उभी राहिली. रडलेली नव्हती. कपाळावर एक आठी होती, ती मी आधी कधी पाहिली नव्हती.

"काका, तुमी साक्षीदार व्हता ना? त्या कागदात काय लिव्हलं व्हतं?"

माझ्या हातात शिक्का होता. तो मी खाली ठेवला. "वैष्णवी, मी वाचला नव्हता गं."

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. "म्या बी न्हाय वाचला," ती म्हणाली. "आता वाचू. पण आपल्याकडं कागदच न्हाय. त्यानं प्रत दिली न्हाय."

मी तिला पोचपावतीसह रजिस्टर पत्र कसं टाकायचं ते सांगितलं. तिनं कंपनीला करारनाम्याची प्रत मागितली. पोचपावती आली, उत्तर आलं नाही. महिन्यानं दुसरं पत्र. तेच. तिसऱ्या पत्रात तिनं लिहिलं, "आधीच्या दोन्ही पोचपावत्या माझ्याकडं जपून ठेवल्या आहेत आणि आता त्या घेऊन मी वकिलाकडं चालले आहे." तेव्हा कुठं एका पाकिटातून झेरॉक्स आली. पाकीट मीच तिच्या हातात दिलं.

कळंबच्या न्यायालयात चारुशीला पाठक नावाच्या वकीलबाई आहेत. मूळच्या तुळजापूरच्या, वडील शाळामास्तर. पन्नाशीच्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. त्यांची बहुतेक कामं बांधावरून आणि वाटणीवरून झालेल्या भांडणांची. गाण्याचा खटला त्यांच्याकडं कधी आला नव्हता. तसं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

"मला यातलं फार येत नाही. आठ दिवस दे. मी कायदा वाचते, मग बोलू. चालेल?"

"चालंल," वैष्णवी म्हणाली. "न वाचता बोलनारे लई भेटले."

आठ दिवसांनी ती गेली तेव्हा मीही बरोबर होतो. माझी सही त्या कागदावर होती, मला घरी बसवेना. चारुशीलाबाईंनी झेरॉक्स टेबलावर पसरली होती आणि तिच्यावर पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या.

"बैस. आधी वाईट बातमी. शब्द आणि चाल यांचे सगळे हक्क तू कंपनीला लिहून दिलेस. गाण्याची जी ध्वनिफीत त्यांनी केली, ती तर त्यांचीच, खर्च त्यांचा होता. त्यामुळं तू ओट्यावर बसून म्हटलेलं त्यांनी उतरवलं, ते आजच्या घडीला कायद्याला धरून आहे."

वैष्णवीनं झेरॉक्स जवळ ओढली.

"आता दुसरं. नाव. हक्क विकले तरी लेखकाचं नाव विकलं जात नाही. 'पारंपरिक' लिहायचा त्यांना अधिकार नव्हता. ते आपण लगेच बदलून घेऊ. आणि तिसरं." त्यांनी चष्मा चढवला. "हा कागद ज्यानं टाइप केला, त्यानं कुठून तरी अर्धामुर्धा उतरवून घेतलाय. हक्क किती वर्षांसाठी दिले ते यात लिहिलेलंच नाही. कुठंच नाही. मी चार वेळा वाचला. आणि कायदा म्हणतो, मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरायची."

"म्हंजी?"

"म्हणजे मार्च २०२४ ला शब्द आणि चाल तुझ्याकडं परत."

"आपोआप?"

"कायद्यानं आपोआप. माणसं आपोआप देत नाहीत. त्यासाठी तयारी लागते. अजून अडीच वर्षं आहेत. मधल्या काळात नवीन कशावरही सही करायची नाही. आणि मला सांग, चाल कुणाची?"

"माझी. न्हाय, शांतलिंगदादाची बी. दोघांची."

"कागदावर?"

"कागद कशाला? आमी..."

ती बोलता बोलता थांबली. चारुशीलाबाईंनी नवीन कोरा कागद ओढून तिच्यापुढं सारला.

शांतलिंगशी तो कागद करणं हे सगळ्यात अवघड गेलं. कंपनीशी भांडायला बळ लागतं, ते तिच्याकडं होतं. मित्राला "आपण लिहून घेऊ" म्हणायला वेगळंच काही लागतं. हॉटेलात मी ते बोलणं ऐकलं. शांतलिंगनं चहाचा ग्लास तसाच ठेवला.

"इतकी वर्सं झाली, वैष्णवी. माझ्यावर विश्वास न्हाय व्हय?"

"हाय म्हणून तर लिहायचं. विश्वास गेल्यावर कोन लिहितंय दादा? तवा फकस्त भांडत्यात."

"लोक म्हनतील, ह्यांच्यात बी स्टँप आला."

"म्हनू द्या. तुझं नाव त्या गाण्यावर कुठंच न्हाय. कंपनीनं न्हाय लिव्हलं, म्या बी कवा लिव्हलं न्हाय. उद्या म्या म्हनलं की चाल माझी एकटीची, तर तुज्याकडं काय हाय दाखवायला?"

तो उठून गेला. पंधरा दिवस आला नाही. त्या पंधरा दिवसांत तिनं त्याला ना फोन केला, ना कागद गुंडाळून ठेवला. सोळाव्या दिवशी तो आला, बसला, आणि म्हणाला, "वाचून दाखव." तिनं सगळा वाचून दाखवला. शब्द वैष्णवीचे, चाल दोघांची निम्मी-निम्मी. आणि एक अट: गाण्याचा कुठलाही हक्क कुणाला द्यायचा झाला तर दोघांच्या सह्या लागतील, एकाच्या सहीनं काही होणार नाही. त्यानं दोनदा विचारून घेतलं आणि सही केली.

नावाची नोटीस गेली आणि तीन महिन्यांत "पारंपरिक" हा शब्द गेला. तिथं गीत: वैष्णवी टेकाळे, संगीत: वैष्णवी व शांतलिंग असं आलं. त्या दिवशी रामकिसननं हॉटेलात सगळ्यांना चहा फुकट दिला. वैष्णवीनं ते पान छापून घेतलं आणि फायलीत लावलं. ती फाइल आता जाड होऊ लागली होती.

पुढची दोन वर्षं तिनं वाट पाहण्यात घालवली असती तर ही गोष्ट इथंच संपली असती. चारुशीलाबाईंचं एक वाक्य तिनं धरून ठेवलं होतं: गाणं परत येईल, पण त्याला यायला घर तरी पाहिजे. तिनं, शांतलिंगनं आणि ढोलकीवाल्या बलभीमनं मिळून 'घाटमाथा' नावानं मंडळी उभी केली. भागीदारीचा लेख केला. मंडळीच्या नावानं पॅन कार्ड काढलं, बँकेत खातं काढलं, नाव नोंदवायचा अर्ज केला. तिघांपैकी कुणी सोडून गेलं तर नाव कुणाकडं राहील हेसुद्धा त्यात लिहिलं. बलभीम म्हणाला, "अगं, लगीन व्हायच्या आधी काडीमोडाचं कशाला?" पण सही त्यानंही केली.

नवीन गाणं तयार झालं की आधी वहीत तारीख, मग मोबाइलवर कच्चं ध्वनिमुद्रण, मग दिल्लीच्या कॉपीराइट कार्यालयात ऑनलाइन अर्ज. अर्ज भरायला तिला पहिल्यांदा चार दिवस लागले. तिसऱ्या गाण्याला एक दुपार पुरली.

सुपारी घ्यायची तरी कागद. कार्यक्रम कुठं, किती वेळ, इसार किती, पाऊस आला तर काय, आणि कुणी चित्रण करून विकायचं नाही. पहिल्या हंगामात याचा फटका बसला. लग्नाची एक मोठी सुपारी आली होती. नवरदेवाचे चुलते कागद बघून उखडले.

"लग्नात गायला कागद? तमाशा हाय का कोर्ट?"

"मामा, मंडप लिहून घेतलाव ना? आचारी लिहून घेतलाव ना? मग आमचंच तेवढं तोंडी का?"

त्यांनी दुसरी पार्टी बोलावली. असे सहा कार्यक्रम गेले. घरी रामकिसनही कुरकुरला. आईनं मात्र एकदाच सांगितलं, "तिला करू द्या." दुसऱ्या हंगामात एका लग्नात दुसऱ्याच एका पार्टीला ठरलेलं न देता हाकलून लावलं, ही बातमी पसरली आणि मग त्याच सहातले दोघं कागदासकट वैष्णवीकडं आले.

डिसेंबर २०२३ मध्ये पांढरी गाडी पुन्हा हॉटेलासमोर थांबली. रणधीर थोडा सुटला होता. पण बोलणं तसंच गोड.

"ताई, केवढं नाव झालं तुमचं! कंपनीला तुमचा सन्मान करायचाय. हा छोटासा कागद, जुन्या कराराचं नूतनीकरण. फक्त औपचारिकता." आणि त्यानं कागदावर एक धनादेश ठेवला. आकडा रामकिसनला दिसेल असा.

रामकिसनचे डोळे तिथंच अडकले. रस्ता रुंद होऊन पूल झाल्यापासून गाड्या पुलावरून जात होत्या, हॉटेल खालच्या रस्त्याला राहिलं होतं. त्याला पक्कं शेड बांधायचं होतं. तो भट्टीपाशी उभा राहून नुसताच फडकं पिळत राहिला.

वैष्णवीनं खिशातून पेन्सिल काढली. "वाचते," ती म्हणाली.

"अहो, वाचायचं काय त्यात..."

"रणधीरभाऊ, चहा घ्या. म्या वाचते."

तिनं वाचायला सुरुवात केली. एक शब्द अडला की मला विचारायची, मला न आला तर मोबाइलमध्ये बघायची. तास गेला. रणधीरचे तीन चहा झाले. शेवटी तिनं एका ओळीखाली रेघ मारली आणि कागद फिरवून त्याच्यापुढं ठेवला.

"मुदत इथं 'कायमची' लिव्हलीय. मागच्या कागदात मुदतच नव्हती. तुमची पाच वर्सं मार्चला संपत्यात. म्हणूनच डिसेंबरात आलाव ना?"

रणधीर हसायचा थांबला. "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कायद्यानं. तीन वर्सं लिहा. शांतलिंगदादाचा हिस्सा लिहा. मग दोघंबी सही करू."

"तसं कंपनीत चालत नाही, ताई."

"मग हे बी हितं चालत न्हाय."

त्यानं धनादेश उचलला. गाडी निघून गेल्यावर रामकिसन बाकावर येऊन बसला. म्हणाला, "लई मोठा आकडा व्हता, पोरी."

"व्हय अण्णा. म्हणूनच समजलं, गाणं त्याच्याहून मोठं हाय."

रणधीर गावातून गेला, पण लगेच पुण्याला परतला नाही. तो चोराखळीला वळला. हे आम्हाला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं, जेव्हा शांतलिंग स्वतः हॉटेलात आला. तोंड उतरलेलं. बसल्या बसल्या त्यानं सांगून टाकलं.

"त्यो माझ्याकडं आल्ता. म्हनला, चाल तुजी एकट्याची हाय असं लिहून दे, वैष्णवीची कटकटच नको. पैसे बी दावले. वैष्णवी, खोटं कशाला बोलू, माजा हात पेनाकडं गेल्ता. बापाच्या डोळ्याचं ऑपरेशन हाय पुढच्या महिन्यात."

"मग?"

"मग म्या म्हनलं, आमचा कागद झालाय. माझ्या एकट्याच्या सहीनं काय व्हत न्हाय. त्यो म्हनला, कागद फाड. म्या म्हनलं, एक तिच्याकडं हाय, एक वकीलबाईकडं हाय." त्यानं मान खाली घातली. "कागद नसता तर म्या न्हाय म्हनू शकलो नसतो. मला न्हाय म्हनायला कारन भेटलं."

वैष्णवीनं आत जाऊन त्याच्यासाठी भाकरी आणली. वडिलांच्या ऑपरेशनसाठी मंडळीच्या खात्यातून उचल द्यायची, असं तिनं आणि बलभीमनं त्याच दिवशी ठरवलं.

मार्च २०२४ मध्ये, पाच वर्षं पुरी झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, कंपनीला नोटीस गेली: ध्वनिफीत तुमची, शब्द आणि चाल आमची. इथून पुढं वाजवायचं तर परवानगी घ्या. माझ्या निवृत्तीला तीन महिने उरले होते. त्या रजिस्टर पत्राची नोंदणी मी माझ्या हातानं केली.

उत्तर आलं ते दणक्याचं. कंपनीच्या वकिलानं लिहिलं होतं की गाणं मुळात आमच्याच सांगण्यावरून, आमच्यासाठी रचलं गेलं, त्यामुळं पहिल्यापासून मालकी आमची. उलट तुम्हीच नुकसानभरपाई द्या. भरपाईचा आकडा रामकिसननंही ऐकला. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "मास्तर, हॉटेल जाईल का हो?"

चारुशीलाबाईंनी शांतपणे विचारलं, "गाणं आधीचं आहे याला पुरावा काय?"

वहीवर तारीख होती. कॉलेजच्या स्नेहसंमेलनाची एक हलती-डुलती चित्रफीत एका मैत्रिणीच्या जुन्या मोबाइलमध्ये सापडली. "आणि मी आहे," मी म्हणालो. "सही व्हायच्या आधी तिनं त्या टेबलावर वही उघडून गाणं म्हटलं होतं. रणधीरनं ऐकलं आणि मग कागद काढला. मी साक्षीदार आहे. त्या कागदावर माझीच सही आहे."

कळंबला जाऊन मी प्रतिज्ञापत्र केलं. टंकलेखकानं दिलेलं पान दोनदा वाचलं, एक तारीख चुकली होती ती दुरुस्त करायला लावली, आणि मगच सही केली. पाच वर्षं छातीवर बसलेलं काहीतरी तिथं उतरलं. ते सांगायला बरं वाटतं म्हणून सांगतो.

वहीची छायाप्रत, चित्रफीत आणि माझं प्रतिज्ञापत्र गेल्यावर पुण्याहून येणाऱ्या पत्रांचा सूर खाली आला. वैष्णवीनं ओट्यावरचं स्वतःचं गाणं पुन्हा चढवलं. कंपनीनं पुन्हा उतरवायला लावलं. तिनं कागद जोडून हरकत घेतली, आणि ठरलेल्या दिवसांत कंपनी न्यायालयात गेली नाही म्हणून गाणं परत लागलं. ते आजही आहे. दिवाळीच्या आधी कंपनीनं नवा करार केला. मुदत तीन वर्षं, दोघांचा हिस्सा, नाव मोठ्या अक्षरात, आणि दर सहा महिन्यांनी हिशेब. करार मराठीत असावा ही अट वैष्णवीची. ती मान्य व्हायलाच दीड महिना गेला.

मधल्या पाच वर्षांत त्या गाण्यानं जे कमावलं ते काही परत आलं नाही. चारुशीलाबाईंनी त्यासाठी दावा लावायचा का विचारलं होतं. वैष्णवी दोन दिवस विचार करून म्हणाली, "नको मॅडम. ते म्या माझ्या हातानं दिलं. आता पुढची गाणी करायची हायत." पक्कं शेडही अजून झालेलं नाही. रामकिसननं अर्ध्या बाजूचे पत्रे तेवढे बदलले.

या वर्षी बेंबळीच्या शाळेत तिला बोलायला बोलावलं होतं. परिसरातली गाणारी-वाजवणारी तीसेक माणसं जमली. मीही गेलो होतो, आता मला वेळच वेळ. वैष्णवी आपल्या भाषेत बोलली. सही करायच्या आधी काय वाचायचं, मित्राशी कागद कसा करायचा, सुपारी कशी लिहायची. शेवटी मागच्या ओळीतून एक बाई उठल्या. कमलबाई. सत्तरीच्या जवळ, खुरपणीच्या बायकांमध्ये काम करता करता गाणी जोडणाऱ्या.

"बाई, तुजं तुज्या वहीत व्हतं. माजी गाणी रानात हायत. म्या केली, बायांनी उचलली, आता कुनाच्या लग्नात कोन बी म्हनतंय. लिवता मला येत न्हाय. त्याचं काय करायचं?"

"मला ठावं न्हाय मावशी," वैष्णवी सरळ म्हणाली. "विचारते."

चारुशीलाबाईंनाही ते पक्कं सांगता आलं नाही. काही गाणी कमलबाईंची असतील, काही त्यांच्याही आधीच्या बायकांची. वेगळं कसं करायचं हा प्रश्नच होता. वैष्णवी म्हणाली, ते नंतर बघू, आधी लिहून तरी काढू. तेव्हापासून ती आणि शांतलिंग दर मंगळवारी बेंबळीला जातात. कमलबाई रानात असतील तर रानात, घरी असतील तर घरी. कमलबाई गातात, शांतलिंग ध्वनिमुद्रण करतो, वैष्णवी लिहिते. प्रत्येक गाण्याखाली ती तीन गोष्टी विचारते: हे तुम्ही केलं का, कवा केलं, तवा बरोबर कोन व्हतं. कमलबाईंना वर्षं आठवत नाहीत. भूकंपाच्या आधी, थोरल्या लेकीच्या लग्नानंतर, असं सांगतात. ती तसंच लिहून घेते.

मागच्या मंगळवारी मी बरोबर होतो. कमलबाई मध्येच थांबून म्हणाल्या, "ह्ये गानं माजं न्हाय बरं का. ह्ये पारूचं. ती मेली."

"पारू कोन? आडनाव काय?" वैष्णवीनं विचारलं.

कमलबाईंनी सांगितलं. वैष्णवीनं नवीन पान उघडलं आणि वर पारूबाईंचं पूर्ण नाव लिहिलं. आतापर्यंत एकेचाळीस गाणी झाली आहेत. कमलबाई म्हणतात, अजून शंभर तरी निघतील.